मागचं दार पूर्ण उघडणारी मोठी गाडी का मिळत नाही?

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं : त्या स्वतः, पती, नववीतला मुलगा, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आधार दिला तर चार पावलं टाकतात, एरवी व्हीलचेअर. महिन्यातून दोनदा त्यांना पुण्याला न्यावं लागतं. घरातली गाडी जुनी, छोटी, उंच छपराची हॅचबॅक आहे, म्हणजे मागचं दार काचेसकट वर उघडणारी. सासरे तीत नीट बसतात, खुर्चीही मागच्या दारातून सरळ आत जाते. पण खुर्ची ठेवली की एका पिशवीलाही जागा उरत नाही. आता गाडी बदलायची आहे. आरटीओ, विमा सगळं धरून बजेट बारा लाखांचं. पतींना सेडान हवी आहे. "आता तरी डिक्कीची गाडी घेऊ," असं ते म्हणतात. दिरांचा आग्रह एसयूव्हीचा. ताईंचं म्हणणं असं की आहे तीच गाडी हातभर लांब करून कुणी का देत नाही? शोरूममध्ये हे विचारलं तेव्हा सेल्समन हसला आणि म्हणाला, "मॅडम, मोठी हॅचबॅक असं काही नसतं." आणि सासरे सांगतात, "माझ्यापायी गाडी बदलू नका." ताई विचारतात, माझी मागणीच चुकीची आहे का? आणि आम्ही घ्यावं तरी काय?

ताई,

तुमची मागणी अजिबात चुकीची नाही. ज्या बाईला दर फेरीला ती खुर्ची उचलून गाडीत ठेवावी लागते, तिला गाडीचं मागचं दार कसं असावं हे कुठल्याही सेल्समनपेक्षा जास्त कळतं. तेव्हा त्याच्या हसण्याचं मनाला लावून घेऊ नका. तो बोलला तेही खरं नाही. मोठी हॅचबॅक असते. आपल्या देशात होती, आणि एक तर आपल्या मराठवाड्यातच जुळवली जात होती.

आधी तो इतिहास थोडक्यात सांगते, कारण तुमच्या 'का'चं उत्तर त्यातच आहे. युरोपात १९६५ साली रेनॉ १६ ही गाडी आली. कुटुंबाची गाडी, प्रशस्त, आणि मागचं अख्खं दार काचेसकट वर उचललं जाणारी. पुढे १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये रोव्हरने एसडी१ ही चांगली लांबलचक, ऐटबाज गाडी त्याच पद्धतीने काढली. तीच गाडी १९८५ च्या सुमारास मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने 'स्टँडर्ड २०००' या नावाने भारतात आणली. म्हणजे अँबेसेडर आणि पद्मिनीच्या त्या दिवसांत मागचं दार पूर्ण उघडणारी मोठी गाडी भारतात विकायला होती. ती चालली नाही. तिच्यात जुन्या व्हॅनगार्ड गाडीचं इंजिन बसवलेलं होतं, गाडीच्या वजनाला ते पुरं पडत नव्हतं, पेट्रोल खूप लागायचं आणि किंमतही भारी होती. तीनेक वर्षांत ती बंद पडली. तिच्या अपयशात मागच्या दाराचा काही दोष नव्हता.

दुसरं उदाहरण तुमच्या पतींना आवर्जून सांगा. २००१ साली स्कोडाने औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना सुरू केला आणि तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. डॉक्टर, बिल्डर, साखर कारखान्यांचे पदाधिकारी, सगळ्यांच्या दारात ती दिसायची आणि 'डिक्कीची भारी गाडी' असाच तिचा मान होता. पण तिचं मागचं झाकण उचललं की काचही सोबत वर जायची. ती हॅचबॅक होती! फक्त पाठीचा आकार सेडानसारखा ठेवलेला. २००९ च्या सुपर्बमध्ये त्याच कंपनीने आणखी पुढची युक्ती केली. एक बटण दाबलं तर नुसतं डिक्कीचं झाकण उघडायचं आणि दुसरं दाबलं तर काचेसकट अख्खं दार. बॅगा ठेवायच्या तर पहिलं, फ्रीजचं खोकं ठेवायचं तर दुसरं. दोन बिजागऱ्या, दोन कुलपं, जास्तीचं वजन असं ते खर्चिक प्रकरण होतं. पुढच्या सुपर्बमध्ये ही दुहेरी सोय गेली आणि अख्खं उघडणारं दार तेवढं राहिलं.

मग बाकीच्या कंपन्या असं का करत नाहीत? यात कंपन्यांना बायकांची, म्हाताऱ्यांची अडचण समजत नाही असं एक गृहीत तुमच्या पत्रात आहे. थोडं तथ्य त्यात असेलही. पण मुख्य कारणं कर, पत्रा आणि मागच्या सीटवर बसणारा माणूस ही आहेत.

कराचं आधी. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि छोटी गाडी कोणती तेही ठरलं : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे करांची नावं बदलली, टक्के बदलले, पण ती ४ मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या अलीकडच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि पलीकडच्या गाडीवर ४०. हिशेब करून पाहा. कंपनीचा करापूर्वीचा भाव ७ लाख धरला तर अलीकडे १ लाख २६ हजार कर पडतो आणि पलीकडे २ लाख ८० हजार. म्हणजे तुम्ही म्हणता तशी 'हातभर लांब' केलेली हॅचबॅक एका फटक्यात दीड लाखाने महागते, आणि वाढलेल्या किमतीवर आरटीओचा रोड टॅक्सही वाढतो.

म्हणून तर बलेनोची लांबी ३९९० मिलिमीटर, आय२० ची ३९९५ आणि अल्ट्रोझची ३९९० आहे. सगळ्या रेघेला नाक लावून उभ्या आहेत. एवढंच काय, सेडानसुद्धा कापून आत बसवल्या गेल्या. डिझायर पहिल्यांदा आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती, २०१२ साली तिची शेपूट छाटून ती ३९९५ करण्यात आली. डिक्की लहान झाली, पण विक्री जोरात चालली. कंपनीच्या बाजूने विचार करा : एकदा ती रेघ ओलांडलीच, की गिऱ्हाईक लाख-दोन लाख जास्त मोजणार. मग त्याला गाडी बघताक्षणी मोठी वाटायला हवी. लांब केलेली हॅचबॅक तशी वाटत नाही, असा कंपन्यांचा अनुभव आहे. शेव्हरोलेने २००६ मध्ये ऑप्ट्रा सेडानचीच हॅचबॅक करून पाहिली, ती फारशी कुणी घेतली नाही. होंडाची जॅझ तर ४ मीटरच्या आतच होती आणि आतून अतिशय ऐसपैस होती. पण २००९ मध्ये ती ७ लाखांच्या आसपास आली आणि लोक म्हणाले, एवढ्या पैशात हॅचबॅक कशाला, थोडे घालून होंडाचीच सिटी ही सेडान घेऊ. दोन वर्षांत कंपनीला किंमत मोठ्या प्रमाणात खाली आणावी लागली. तुमचे पती जे म्हणतात तेच तेव्हा हजारो घरांत म्हटलं गेलं होतं. त्यांना एकट्याला दोष देऊ नका.

आता पत्र्याचं. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी आणि काचेखालच्या फळीत पत्रा असतो. तो गाडीच्या दोन्ही कुशी एकमेकींना बांधून ठेवतो. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी मारलेली असते ना, ती काढली की फाटक लोंबायला लागतं. हॅचबॅकमध्ये ती पट्टीच नसते, उलट मागे एक मोठं भोक असतं. छोट्या, हलक्या गाडीत हे भागतं. गाडी जसजशी लांब, रुंद आणि जड होते तसतशी खड्ड्यातून जाताना बॉडीला जास्त पीळ पडतो. तो थोपवायचा तर कडांना जाड पत्रा, जास्तीचे आडवे दांडे द्यावे लागतात. दारही मोठं, म्हणून जड. ते पेलायला दमदार गॅसचे दांडे लागतात. वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. यातलं अशक्य काहीच नाही, ऑक्टाव्हियाने ते करून दाखवलंय. पण जी गोष्ट गिऱ्हाईक मागत नाही तिच्यावर पैसा कोण घालणार?

आणि मागच्या सीटवर बसणारा माणूस. छोटी गाडी मालक स्वतः चालवतो. मोठ्या सेडानचा मालक आपल्याकडे पुष्कळदा मागे बसतो. त्याला मागच्या चाकांचा, सस्पेन्शनचा आवाज नको असतो, आणि हॅचबॅकमध्ये तो आवाज अडवायला मध्ये भिंत नसते. नुसता एक ट्रे असतो, तोही दोन-तीन वर्षांनी खडखडायला लागतो. भर मेमध्ये हायवेच्या हॉटेलवर कुणी मागून बॅग काढली की एसीची हवा बाहेर आणि गरम झोत थेट मागे बसलेल्यांच्या मानेवर. फ्रान्सच्या सित्रोएनने १९८९ च्या एक्सएम या मोठ्या हॅचबॅकमध्ये एवढ्यासाठी मागच्या सीटमागे आत आणखी एक काच बसवली होती, म्हणजे दार उघडलं तरी वारा आत येऊ नये. चीन आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकालाही वर्षानुवर्षं सेडानच मोठी आणि मानाची वाटत आली, आणि जगभर विकायच्या गाडीचा साचा मोठी बाजारपेठ बघून ठरतो. युरोपात मोठी हॅचबॅक बराच काळ टिकली, पण तिथेही फोर्डची माँडिओ २०२२ मध्ये बंद झाली. तिचं गिऱ्हाईक एसयूव्हीकडे गेलं होतं.

म्हणजे मागचं मोठं दार नाहीसं झालं नाही, ते एसयूव्हीला आणि सात सीटच्या गाड्यांना लागलं. दार तेच, काचेसकट वर जाणारं. फक्त गाडी उंच झाली. २०२४ मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सित्रोएन बसाल्ट यांची पाठ तर उतरती आहे आणि दार काचेसकट उघडतं. शोरूममध्ये त्यांना कूपे-एसयूव्ही म्हणतात. माझ्या लेखी त्या उंच केलेल्या मोठ्या हॅचबॅकच आहेत.

इथे, ताई, तुमच्या मागणीकडे जरा पुन्हा पाहू या. तुम्ही लिहिलंय, "आहे तीच गाडी मोठी हवी." पण तुमच्या गाडीतलं तुम्हाला नेमकं काय सोयीचं पडतं? पत्र वाचताना मला दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. एक, खुर्ची मागून सरळ आत जाते, हे दाराचं श्रेय. दुसरी, सासरे नीट बसतात, हे दाराचं नव्हे, उंच छपराचं आणि सीटच्या उंचीचं श्रेय. तुमच्या त्या गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या जवळपास येते, म्हणून ते फारसं न वाकता मागे टेकतात आणि पाय आत घेतात. उद्या कुणी तुम्हाला झकास जुनी ऑक्टाव्हिया स्वस्तात दिली तर खुर्ची, दोन बॅगा, भाजीची पोती सगळं मागे मावेल. पण सीट इतकी खाली की सासऱ्यांना उतरवताना तुमची आणि पतींची कंबर जाईल. अर्धांगवायू झालेल्या माणसाला खाली बसणं एक वेळ जमतं, खालून उठणं जमत नाही. म्हणजे जी मोठी हॅचबॅक बाजारात नाही म्हणून तुम्ही खंतावता, ती मिळाली असती तरी कदाचित तुम्ही परत केली असती. हीच अडचण पतींच्या सेडानचीही आहे. तिथे भरीला डिक्कीचं तोंड अरुंद. सिटीची डिक्की ५०६ लिटरची आहे, बलेनोची ३१८ ची. तरी घडी केलेली खुर्ची कुठे पटकन जाते ते लिटरवरून कळत नाही. लिटर आतली पोकळी सांगतं. तोंड किती मोठं आहे, उंबरठा म्हणजे त्या तोंडाची खालची कड किती उंच आहे, हे माहितीपत्रकात सहसा छापलेलं नसतं.

दिरांची एसयूव्ही? ४ मीटरच्या आतल्या, फार उंच नसलेल्या एसयूव्ही सासऱ्यांना चालूही शकतील, बसवून पाहायला हव्यात. पण मोठ्या एसयूव्हीत दोन तोटे आहेत. सासऱ्यांना वर चढवावं लागेल, आणि खुर्ची जास्त उंच उचलून आत ठेवावी लागेल. ती कोण उचलणार? तुमच्या पत्रावरून तरी तुम्हीच. साधी लोखंडी घडीची खुर्ची १५ ते १८ किलोची असते. पुण्याच्या एका फेरीत ती घरी, वाटेत, दवाखान्यात, परत असं करत सहा-आठ वेळा चढवावी-उतरवावी लागते. दिरांनी एकदा तुमच्याबरोबर पुण्याला येऊन ते काम स्वतः करावं, मग मत द्यावं. हे मी रागाने सांगत नाही. घरात गाडीवर बोलणारे आणि गाडीत माणूस बसवणारे वेगळे असले की असं होतं, आणि करून पाहिल्यावर मत आपोआप बदलतं.

गाडीआधी एक छोटा खर्च सुचवते : खुर्ची बदला. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या खुर्च्या मिळतात. काहींची मागची चाकं बटण दाबून निघतात, काहींची पाठही दुमडते. वजन चार-पाच किलोंनी कमी आणि घडी लहान. गाडीच्या दोन व्हेरियंटमधल्या फरकापेक्षाही ही रक्कम कमी आहे. फक्त ती सासऱ्यांच्या मापाची आहे का, हे फिजिओथेरपिस्टला दाखवूनच घ्या. हलकी खुर्ची अंगाला सैल किंवा घट्ट असली तर बसून बसून जखमा होतात. ही नवी खुर्ची जुन्या गाडीत ठेवून पाहा. दोन बॅगांची जागा निघाली तर गाडीची घाई उरणार नाही, निवांत ठरवता येईल.

तरीही गाडी घ्यायचीच असेल, आणि पाच माणसं पाचही सीटवर बसून खुर्ची मागे मावायची असेल, तर तुम्ही सात सीटच्या गाड्यांकडे पाहा. "आम्ही तर पाचच," असं म्हणून लोक त्या रांगेकडे वळतच नाहीत. पण तिसरी रांग दुमडली की ती गाडी म्हणजे तुम्ही मागताय तीच : उंच छपराची, सोयीच्या सीटची, मागचं दार पूर्ण उघडणारी मोठी हॅचबॅक.

रेनो ट्रायबर ४ मीटरच्या आत आहे, म्हणजे १८ टक्क्यांतच. तिची तिसरी रांग नुसती दुमडत नाही, दोन्ही सीट हाताने सोडवून घरी ठेवता येतात. मग मागे ६२५ लिटर जागा होते. बलेनोच्या जवळजवळ दुप्पट. बजेटमध्ये ती आरामात बसेल आणि पैसे उरतील. कमीपणा इंजिनाचा. एक लिटरचं आहे, पाच माणसं, खुर्ची आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना गिअर खाली घ्यावा लागेल आणि पतींना ते आवडणार नाही. दुसरी मारुती एर्टिगा. ४ मीटरपेक्षा लांब, म्हणजे कर ४० टक्के. पण तुमच्या बजेटमध्ये खालचे-मधले व्हेरियंट येतात. तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर, दुमडल्यावर ५५०. इंजिन दीड लिटरचं, घाटाला पुरेसं. वाईच्या पुढे-मागे टॅक्सी म्हणून खूप धावतात, त्यामुळे कुठल्याही गॅरेजला ती पाठ असते. "टॅक्सीसारखी दिसते" हा आक्षेप घरात येणारच. मला विचाराल तर तुमच्या घराला एर्टिगा. ट्रायबरमध्ये जागा जास्त आणि पैसे कमी, पण महिन्यातून दोनदा भरल्या गाडीने घाट चढायचा तर ताकद हवी, आणि आजारी माणूस बरोबर असताना ओव्हरटेक करताना चालवणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

सीएनजीची मात्र घाई करू नका. अ‍ॅव्हरेज बघून मोह होईल, पण टाकी मागेच बसते, आणि ज्या जागेसाठी एवढा खटाटोप तीच जाते. घ्यायचीच असेल तर टाकी बसवलेली गाडी शोरूममध्ये उघडून, खुर्ची आत ठेवून बघा. पेट्रोलच्या गाडीत बघून सीएनजी बुक करू नका.

शोरूमला जाताना सासरे, खुर्ची आणि मेजर टेप घेऊन जा. मागच्या उंबरठ्याची जमिनीपासूनची उंची मोजा. तोंड जिथे सर्वांत अरुंद आहे तिथली रुंदी मोजा, आणि आत दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतरही. खुर्चीची सीट साधारण ५० सेंटिमीटरवर असते. गाडीची सीट त्याच्या किती वर किंवा खाली येते ते पाहा. फरक जितका कमी तितकं सासऱ्यांना सरकणं सोपं. त्यांना पुढच्या डाव्या सीटवर बसवून बघा. पुढचं दार मोठं उघडतं आणि सीट मागे सरकवता येते, म्हणून बहुतेकांना पुढेच जमतं. मात्र त्यांची कमजोर बाजू डावी की उजवी यावर कोणत्या दाराने बसवणं सोपं हे ठरतं, तेव्हा निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा. शक्य असेल तर त्यांच्याकडून एकदा तुमच्याच गाडीजवळ शिकून घ्या. आणि बसवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, उतरवून बघा. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. आपल्या पार्किंगमध्ये भिंत इतकी जवळ नाही ना, की दार उघडून खुर्ची लावायला जागाच उरू नये? मागचं दार वर जाताना तुळईला आपटत नाही ना? मोठ्या दाराला मागे मोकळी जागा लागते, आणि हे गाडी दारात आल्यावर कळून उपयोग नाही.

एक गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. अशा गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीशी पत्र्याची भिंत नसते. जोरात ब्रेक लागला तर मोकळी ठेवलेली १५ किलोची खुर्ची पुढे उसळते, आणि मागे तुमचा मुलगा आणि सासूबाई बसलेल्या असतात. म्हणून खुर्ची नेहमी आडवी, सीटच्या पाठीपेक्षा खाली, आणि पट्ट्याने आवळून ठेवायची. गाडीत मागे हूक आहेत का, बघून घ्या. नसतील तर डीलरकडून बसवून घ्या आणि पट्टा आजच विकत आणा. सध्याच्या गाडीतही तो हवाच. लग्नाच्या सीझनला तबला-पेटी घेऊन फिरणारे, प्रदर्शनात साड्यांचे गठ्ठे नेणारे, शिलाई मशीन घेऊन जाणारे, सगळ्यांनीच हे पाळायला हवं.

आता पती. त्यांना "डिक्कीची गाडी" का हवी आहे, हे समजून घ्या. इतकी वर्षं छोट्या गाडीत काढली, चारचौघांत आपली वाढ दिसावी असं वाटणं साधं आणि खरं आहे. त्याला हसू नका, आणि "बाबांपेक्षा तुम्हाला दिखावा महत्त्वाचा" असं तर चुकूनही म्हणू नका. ते वाक्य घरात वर्षानुवर्षं राहतं. त्यांना रंग, व्हेरियंट, टायर, म्युझिक सिस्टिम ठरवू द्या. तुम्ही दार, उंबरठा आणि सीटची उंची ठरवा. हा करार शोरूमला निघण्यापूर्वीच करा, तिथे सेल्समनसमोर नको.

आणि सासरे. "माझ्यापायी गाडी बदलू नका" याचा अर्थ त्यांना गाडी नको आहे, असा मी घेत नाही. आपल्यामुळे घराला खर्च, आपल्यामुळे भांडणं, याची त्यांना लाज वाटते आहे. त्यांची समजूत घालत बसू नका, त्यांना कामाला लावा. ज्या माणसाने आयुष्यभर घरातले मोठे निर्णय घेतले, त्याच्याच सोयीची चर्चा त्याच्या डोक्यावरून चालली तर तो "नको" म्हणणारच. त्यांना विचारा, "आप्पा, या दोन गाड्यांतल्या कोणत्या गाडीतून तुम्हाला कमी आधाराने उतरता येतंय?" त्याचं उत्तर त्यांच्याशिवाय घरात कुणाकडेच नाही. त्यांनी एखादी गाडी नापसंत केली तर ती यादीतून काढा, पतींना कितीही आवडलेली असो.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर गाडी बुक करण्याआधी काढून घ्या. गाडीची नोंदणी दिव्यांग व्यक्तीच्या नावाने करायची की नाही, आणि त्यावर कोणती सवलत लागू होते, हे आरटीओत आधी विचारावं लागतं. पतींच्या नावाने पासिंग झाल्यावर मागे फिरणं अवघड जातं. कर्जही मग कुणाच्या नावाने घ्यायचं हे त्याप्रमाणे ठरवा. आणि डीलरने हूक, हँडल, जी काही जास्तीची सोय तोंडी कबूल केली असेल ती बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट.